स्टीमपंकचं हातकवच: फोमचं की पितळेचं?

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या जमान्यातली, पितळ आणि चाकाचक्रांची काल्पनिक दुनिया; तिचा वेश करून लोक कार्यक्रमांना जातात. त्या वेशातल्या गॉगल, टोपी, चामडी पट्टा यांवर फारसा वाद होत नाही. घोडं अडतं ते मनगटापासून कोपरापर्यंतच्या कवचापाशी. मी दोन्ही प्रकार करून वापरलेत, त्यामुळे अनुभवाचं तेवढं सांगतो.

आधी फोम, कारण त्याची बाजू खरंच भक्कम आहे. ईव्हीए फोम (जोडायच्या जिम मॅटचा असतो तो) कटरने कापला जातो, हीटगनने हवा तसा वळतो, फेविकॉल एसआरने पक्का बसतो. एका संध्याकाळी आकार उभा राहतो. (खिडक्या मात्र उघड्या ठेवा, तो वास डोक्यात जातो.) काळा बेस, त्यावर सोनेरी स्प्रे, खाचांमध्ये काळपट रंग भरून वरचा पुसून घेतला की फोटोत भल्याभल्यांना फरक कळत नाही. पाठीवरचा बॉयलर किंवा यांत्रिक पंख करायचे असतील तर पितळेचं नावही काढू नका, दिवसभर ते अंगावर वागवायचं असतं.

माझं बिनसलं ते ओरखड्यांवरून. फोमचं कवच घालून लोकलमधून उतरा, दाराच्या दांड्याला कोपर घासू द्या, आणि मग कड बघा: सोनेरी साल निघालेली आणि आतून करडा फोम डोकावतोय. मनगट वाकतं तिथे रंगाला बारीक भेगा पडतात. त्यात समोर येणारा प्रत्येक जण ‘खरं आहे का हो?’ म्हणत बोट दाबून बघणार, आणि बोट आत जाणार! लवचीक प्रायमर मारला की हे बरंच कमी होतं, थांबत नाही. प्रत्येक कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ब्रश घेऊन डागडुजी करायची, याचा मला मनापासून कंटाळा आला. ज्यांना रंगकामच आवडतं त्यांना कदाचित हा त्रास वाटणारही नाही.

पितळेवर ओरखडा गेला तर आत पितळच असतं. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

वजनाचा बाऊ होतो तेवढं ते नसतं. अर्धा मिलिमीटर जाडीचा, 30 बाय 25 सेंटीमीटरचा पत्रा 300 ग्रॅमच्या थोडा वर जातो. कष्ट मात्र आहेत. पत्रा ठोकता ठोकता कडक होतो, मग तापवून नरम करायचा, पुन्हा ठोकायचा. पुण्यात असाल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत थोडा वेळ उभे राहा. मठारकामात हातोड्याचे ठोके एकाशेजारी एक कसे पडतात ते बघून जे कळतं, ते कुठल्याही व्हिडिओत मला कळलं नव्हतं. सजावटीला जुन्या स्टोव्हचे पंप, बर्नर, नळाच्या चाव्या मोडीत मिळतात. नुसती चिकटवलेली घड्याळाची चक्रं मला तरी पटत नाहीत. चाक असेल तर ते कशात तरी अडकलेलं असावं.

घामाने पितळ हातावर हिरवं उतरतं, हे खरं. आतून चामड्याचं किंवा जाड सुती अस्तर लावलं की प्रश्न मिटतो. पावसाळ्यात ते काळवंडतं, आणि घरचे पितांबरी घेऊन धावतात. त्यांना आवरा! त्या काळेपणासाठीच तर हा खटाटोप. घाई असेल तर मीठ-व्हिनेगर लावून हिरवट छटा आणता येते, वर मेणाचा हात द्यायचा. काळपट छटेसाठी बंद डब्यात धातूशेजारी उकडलेली अंडी कुस्करून ठेवण्याची युक्ती तांब्यावर छान चालते, पितळेवर तितकीशी नाही.

याच वेडापायी लंडनच्या ‘द मेन दॅट विल नॉट बी ब्लेम्ड फॉर नथिंग’ या स्टीमपंक बँडने 2010 मध्ये आपलं गाणं चक्क एडिसनच्या जमान्यातल्या, तबकड्यांच्या आधी ध्वनिमुद्रणाला वापरत त्या मेणाच्या सिलिंडरवर काढलं होतं. ऐकायला सोयीचं अजिबात नाही, पण माझा कल कुठे आहे ते कळलं असेलच.

कार्यक्रम पुढच्या आठवड्यावर आला असेल तर मुकाट्याने फोम घ्या. हाताशी महिनाभर असेल तर पितळ, आणि सुरुवात अख्ख्या कवचाने नको, चार बोटं रुंदीच्या मनगटपट्टीने करा. पत्रा कापल्यावर कडांवरून कानस फिरवायची, नाहीतर पहिल्याच दिवशी शर्टाची बाही फाटेल.