रोजची सुरी आणि पडून राहणारी सुरी: कार्बन स्टीलवरचा गंज टाळण्याच्या खाण्यास निर्धोक उपायांची तुलना

कार्बन स्टीलच्या सुरीला काय लावावे, असे विचारणाऱ्याने आधी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे ही सुरी रोज हातात असते की आठवडेच्या आठवडे पडून राहते. गोव्यातल्या घरांत हा फरक पावसाळ्यात फार ठळक होतो. कांदा चिरायची सुरी आणि नारळ खवायची आदोळी (विळी) दिवसातून दोनदा ओली होते, पुसली जाते आणि पुन्हा कामाला लागते. याउलट इसवणासारखी (सुरमईसारखी) मोठी मासळी कापायचे जाड पाते १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बहुधा फळीवरच राहते, आणि गंजते ते हेच. दोन्हींना एकच उपाय केला तर एकीकडे तो अनावश्यक ठरतो आणि दुसरीकडे अपुरा पडतो, म्हणून पुढची तुलना या दोन वापरांच्या अंगाने केली आहे.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याचा अतिशय पातळ ऑक्साइड थर पात्याचे आपोआप रक्षण करतो. कार्बन स्टीलमध्ये क्रोमियम नसल्यातच जमा असल्याने ते रक्षण आपल्यालाच करावे लागते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरू लागतो आणि गंज वेग घेतो. आपल्याकडे आषाढात ती बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते. त्यात मिठाची भर पडली की काम आणखी बिघडते, कारण मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओले होते ते यामुळेच, आणि मासळीचे खारे पाणी पात्यावर वाळले असेल तर तिथेही हेच घडते. म्हणून साध्या पाण्याने व साबणाने धुणे आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणे ही सर्व उपायांची पूर्वअट आहे. पुसताना मूठ आणि पाते जिथे मिळतात ती खाच विसरली जाते; तिथे राहिलेल्या थेंबातून सकाळपर्यंत एक तपकिरी रेघ पात्यावर उतरते, आणि वरून कितीही तेल चोपडले तरी ती थांबत नाही.

रोजच्या सुरीसाठी खोबरेल तेल हा पहिला आणि माझ्या मते पुरेसा पर्याय आहे. फणस कापताना चीक चिकटू नये म्हणून पात्याला खोबरेल लावण्याची आपली पद्धत आहेच, त्यामुळे ते हाताशी असते. या तेलातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संतृप्त असतात आणि त्याचे आयोडीन मूल्य ६ ते ११ इतके कमी असते, म्हणजेच हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते घट्ट व चिकट होण्याची प्रवृत्ती फारच कमी असते. सूर्यफुलाच्या तेलाचे हेच मूल्य १२० च्या पुढे असते. ते पात्यावर काही आठवडे राहिले की पिवळसर चिकट साय धरते आणि नखाने खरवडावे लागते. खोबरेलाचेही दोष आहेत. सुमारे २४ अंश सेल्सियसखाली ते थिजते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ते बोटाने चोळून लावावे लागते, अर्थात त्याने पात्याचे काही बिघडत नाही. घाण्यावरच्या ताज्या तेलात थोडा पाण्याचा अंश आणि गाळ असू शकतो, म्हणून ते निवळलेले व गाळलेले घ्यावे. सुगंधी केशतेल तर मुळीच वापरू नये. खरा दोष मुदतीचा आहे. ओलाव्याने तेल हळूहळू खवट होते, त्यात मुक्त आम्ले तयार होतात, आणि तेलकट वासावर झुरळे येतात ती वेगळीच. रोज धुतल्या जाणाऱ्या सुरीवर या गोष्टींना वेळच मिळत नाही. दोन महिने पडून राहणाऱ्या पात्यावर मिळतो.

अशा पात्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन सरस ठरते. हे शुद्ध केलेले खनिज तेल बद्धकोष्ठतेवर पोटात घेण्यासाठी दिले जाते, तेव्हा सुरीवरच्या अंशाची चिंता करण्याचे कारण नाही, बाटलीवर ‘आय.पी.’ हा भारतीय औषधकोशाचा निर्देश आहे ना, एवढे मात्र पाहावे. त्याला रंग, वास, चव नसते आणि ते वनस्पती तेलासारखे खवट होत नाही. उणीव एवढीच की ते पातळ असते, त्यामुळे सुरी उभी टांगली तर काही दिवसांत ते खाली ओघळते आणि वरचा भाग जवळपास उघडा पडतो. आडवी ठेवलेली सुरी आणि दर दोन-तीन आठवड्यांनी तेलाचा नवा हात, ही व्यवस्था जमणार असेल तर दुसरे काही शोधू नये.

ते जमणार नसेल, किंवा घर समुद्राला लागून असेल, तर त्याच पॅराफिनमध्ये मधमाश्यांचे मेण मिसळावे. वजनाने एक भाग मेण आणि तीन ते चार भाग पॅराफिन गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात विरघळवले की थंड झाल्यावर मऊ मलम तयार होते. मेण ६२ ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळत असल्याने थेट आचेची गरज नसते, आणि ती टाळलेलीच बरी. हा थर जाड बसतो, ओघळत नाही, आणि मुठीच्या खाचेत दाबून भरता येतो, जे कोणत्याही तेलाला जमत नाही. रोजच्या सुरीसाठी मात्र हा खटाटोप व्यर्थ आहे, कारण दुपारी लावलेले मेण संध्याकाळच्या भाजीआधी धुऊन काढावे लागते.

जपानमध्ये पात्यांना लावतात ते कॅमेलियाचे तेल ऑनलाइन मागवता येते. त्यात ओलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे ८० टक्के असते, ते थंडीत थिजत नाही आणि सहसा चिकटही होत नाही. तेल चांगलेच आहे, पण त्याची किंमत पाहता पॅराफिनपेक्षा आपल्या स्वयंपाकघरात त्याने अधिक काही साधते असे मला वाटत नाही.

काही जण सुरीला तव्यासारखे जवसाचे तेल लावून भाजण्याचा सल्ला देतात. जवसाचे तेल खरोखरच वाळून कडक थर धरते आणि बिडाच्या तव्याला ते शोभते, पण त्यासाठी २०० अंशांच्या पुढचे तापमान लागते, आणि सुरीच्या पात्याला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, साधारण त्याच टप्प्यात उतरू लागते. गंज टळेल आणि धार जाईल, असा हा सौदा आहे.

तेलाच्या जोडीला, तेलाला पर्याय म्हणून नव्हे, काळ्या थराचा विचार करावा. लाल गंज सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि आत खात जातो. त्याउलट आंबट आणि तुरट पदार्थांच्या संपर्काने पात्यावर येणारा करडा-निळसर काळा थर दाट असतो आणि पुढच्या गंजाचा वेग कमी करतो. शिवाय नव्या, उघड्या पोलादाने चिरलेल्या कांद्याला जी लोखंडाची चव लागते, तीही या थरामुळे बरीच कमी होते. गोव्यात हा थर आयता मिळतो. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत कैऱ्या आणि काजूची बोंडे कापणारी सुरी पावसाच्या तोंडावर आपोआप काळी झालेली असते. बोंडूतील टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन निळा-काळा रंग येतो, आणि जुन्या काळची लिहिण्याची शाई याच क्रियेतून तयार होत असे. घाई असेल तर साबणाने धुतलेल्या पात्याला कोमट केलेले माडाचे व्हिनेगर लावून दहा-पंधरा मिनिटांनी धुवावे, पुसावे आणि तेलाचा हात फिरवावा. त्याहून जास्त वेळ ठेवल्यास आम्ल धारेलाच खाऊ लागते. आदोळी लख्ख असलीच पाहिजे, हा आग्रह ज्या घरात आहे तिथे हा उपाय पटायचा नाही, आणि तिथे पुसण्याची शिस्त दुप्पट लागेल.

शिलाई मशीनचे तेल, रॉकेल आणि गंज सोडवण्याचे फवारे गंजावर चालतात खरे, पण ते खाण्याच्या वस्तूसाठी केलेले नसतात, म्हणून ते या तुलनेत बसतच नाहीत. गंजरोधक कागदाचेही तसेच.

साठवणीबाबत थोडक्यात: चामड्याची म्यान ओलावा आणि कमावणीतली रसायने धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात ती नको. वर्तमानपत्राचा कागद दमट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेले, मेण लावलेले पाते सर्वांत सुरक्षित राहते. पुड्या मात्र अधूनमधून गरम करून कोरड्या कराव्या लागतात.

तेव्हा एकच सुरी असेल आणि ती रोज चालत असेल तर काळा थर येऊ द्यावा आणि रात्री पुसून खोबरेलाचे दोन थेंब फिरवावेत. मासळीचे पाते जूनमध्ये बाजूला पडणार असेल तर मेण-पॅराफिन लावून ते डब्यात ठेवावे. दोन्हींपैकी काहीच होणार नसेल तर सरळ स्टेनलेस घ्यावे. धार थोडी लवकर उतरेल, पण रोजची कटकट वाचेल.

ऑगस्टमध्ये पाते बाहेर काढताना गरम पाणी आणि साबणाने मेण पूर्ण काढावे आणि पहिली नजर मुठीच्या खाचेवर टाकावी. लाल ठिपके दिसलेच तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट किंवा चाळलेली राख काथ्याने घासावी. ठिपके जातील, त्यांच्याबरोबर काळा थरही थोडा निघेल, आणि तो पुन्हा धरेपर्यंत काही दिवस पात्याला रोज तेल लावावे लागेल.