पाइनकोनच्या सजावटीसाठी २० वॅटची ग्लू गन: कुठे चालते, कुठे फसते

गोंदाच्या ७ मिलिमीटर जाडीच्या कांड्या वितळवून चिकटवणारी ही छोटी ग्लू गन ख्रिसमसच्या घरगुती सजावटीला बहुतांशी पुरते. तापायला पाचेक मिनिटं द्या. घाई केली तर गोंद घट्टच बाहेर येतो आणि चिकटायच्या आत थिजतो. टोक बारीक असल्यानं पाइनकोनच्या (पाइन झाडाच्या सुक्या शंकूच्या) खवल्यांच्या फटीत वाटाण्याएवढा थेंब नेमका बसतो. वाळलेली संत्र्याची चकती किंवा दालचिनीची कांडी त्यावर अर्धा मिनिट दाबून धरली की काम झालं.

‘गोंद धरत नाही’ ही तक्रार मात्र बहुतेकदा गनची नसते. पाइनकोन ओलसर, धुळकट किंवा राळेनं चिकट असतो. आधी ब्रशनं झाडून, फॉइलवर पसरून ओव्हनमध्ये साधारण १०० अंश सेल्सियसला अर्धा-पाऊण तास ठेवावा. लक्ष हवंच, राळ पेट घेऊ शकते. मिटलेले खवले यात उघडतात, किडेही मरतात. पाण्यात भिजवून धुतलात तर खवले पुन्हा मिटतील, कारण त्यांची बाहेरची बाजू ओल शोषून आतल्यापेक्षा जास्त फुगते.

मोठं तोरण किंवा दारावरचं चक्र करायचं असेल, तर या गनवर विसंबू नका. उन्हात गोंद मऊ पडतो, कोन एकेक करून गळतात. तिथे अर्ध्या मिलिमीटरची तार तळाच्या खवल्यांमधून फिरवून पिळा. गोंद फक्त आधाराला. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोंदाचे धागे मात्र प्रत्येक कोनावर राहतातच, हेअर ड्रायरच्या गरम हवेनं ते वितळतात.