मकरपुऱ्यातला आमचा 12 हजार लिटरचा ईटीपी आणि आरओ, नऊ महिने चालवल्यानंतर

हे लिहायला घेतलं होतं मार्चमध्ये, तेव्हा डोकं फार तापलेलं होतं. आता जुलै चालू आहे आणि माझं मत निम्मं बदललंय, तरी मार्चमधला भाग खोडत नाही, कारण तेव्हा जे झालं ते खरंच झालं आणि दुसऱ्या कुणाचं होऊ नये असं वाटतं.

मामांचं झिंक आणि निकेल प्लेटिंगचं युनिट आहे, वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत). मी दांडिया बाजारातून रोज जाऊन येऊन ते बघतो, नऊ वर्षं झाली. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आधीपासून होताच, गेल्या ऑक्टोबरात दिवाळीच्या आधी त्याच्यापुढे सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि आरओ (दाबाने पाणी मेम्ब्रेनच्या पडद्यातून ढकलून क्षार मागे ठेवणारं यंत्र) बसवला. 4040 साइजची सहा मेम्ब्रेन, तासाला 750 लिटर फीड (आत जाणारं पाणी), 16 तास चालवायचं. पाणी स्वच्छ करून परत रिन्सच्या, म्हणजे प्लेटिंगचा माल धुवायच्या, टाक्यांना द्यायचं एवढाच हेतू. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण मिटलंय.

मार्चमध्ये लिहिलेलं

पहिले तीन महिने झकास. तासाला सव्वापाचशे लिटर चांगलं पाणी, आत जाताना टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलीग्रॅममध्ये) 2,400 आणि बाहेर येताना 70 ते 90. फेब्रुवारीत उत्पादन घसरायला लागलं, आधी 450, मग 400, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात 310. कंपनीला फोन केला तर म्हणे तुमचं फीड खराब. मी म्हटलं अहो ऑर्डर देताना तीन वेळा सॅम्पल तुम्हीच नेलं होतं ना. अकरा दिवस कुणी आलं नाही. एक मेम्ब्रेन 16,500 रुपयाचं, सहाचे 99,000 होतात, आणि ते पाच महिन्यांत गेले असं मामांना कुठल्या तोंडाने सांगायचं? मेम्ब्रेन तीन वर्षं चालतील असं ऐकून आम्ही पैसे भरले होते.

आणि मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहितोय, तो म्हणजे दुसरं प्रेशर गेज. आरओच्या आधी 5 मायक्रॉनच्या कार्ट्रिजचं (बारीक गाळ अडवणाऱ्या फिल्टरचं) हाऊसिंग असतं हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या स्किडवर (प्लांटच्या सांगाड्यावर) गेज फक्त हाऊसिंगच्या नंतर दिलं होतं, हाय प्रेशर पंपाच्या सक्शनला (पाणी आत घेतो त्या बाजूला). हाऊसिंगच्या आधी काहीच नाही, नुसता डमी प्लग. आता मला सांगा, कार्ट्रिज भरली की नाही हे कळणार कसं? आधीचं प्रेशर वजा नंतरचं प्रेशर, तो फरक एक किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) जवळ गेला की कार्ट्रिज बदलायची, इतकं साधं आहे, पण त्याला दोन आकडे लागतात आणि आमच्याकडे एकच होता.

झालं काय तर कार्ट्रिज चोक व्हायला लागली तशी सक्शनचं प्रेशर पडायला लागलं, लो प्रेशर स्विचवर पंप ट्रिप व्हायचा, तर ऑपरेटरने फीड पंपाचा व्हॉल्व्ह आणखी उघडला. गेजवर परत दोन किलो दिसायला लागलं, त्याला वाटलं सगळं ठीक. पुन्हा पडलं, पुन्हा थोडा उघडला. गेज दोनच दाखवत राहिलं आणि हाऊसिंगच्या अलीकडे प्रेशर किती चढलं होतं ते देवालाच माहीत. शेवटी हाऊसिंग उघडलं तर कार्ट्रिज मधोमध चेपलेल्या, दोन तर बुडाशी सीटवरून सरकलेल्या, म्हणजे गाळ बाजूने सरळ मेम्ब्रेनवर जात होता. ऑपरेटरचा यात दोष नाही. त्याला जो आकडा दिसत होता तो त्याने सांभाळला. ग्लिसरीनवालं गेज 700 रुपयाला मिळतं, लाखोंच्या प्लांटमध्ये 700 रुपये वाचवले यांनी, मला याचा अजून राग येतो.

एप्रिलपासून पुढचं

शेवटी त्यांचा सर्विसचा मुलगा आला, पंचविशीचा असेल. वाद न घालता त्याने पहिल्या व्हेसलची (मेम्ब्रेन बसतात त्या नळीची) एंड कॅप काढली, मेम्ब्रेनच्या तोंडावरचा तपकिरी थर बोटावर घेतला आणि दोन बोटांत चोळून ताणला तर त्याची तार निघाली. म्हणाला, साहेब ही नुसती माती नाहीये, हे पॉली आहे, तुम्ही कुठलं वापरता? पॉली म्हणजे गाळाचे कण एकत्र आणून खाली बसवायचं केमिकल. मी गोणी दाखवली. कॅटायनिक, म्हणजे धन भाराचं.

इथे मला माझी चूक कबूल करायला हवी. धातूंच्या हायड्रॉक्साइडचा गाळ बसवायला आम्ही नेहमी अॅनायनिक (ऋण भाराचं) पॉली वापरतो, जानेवारीत डीलरकडे ते नव्हतं, त्याने ‘हे पण तसंच काम करतं’ म्हणून दुसरं दिलं आणि मी घेतलं, किलोमागे थोडं स्वस्तही होतं. गाळ खरंच बसत होता, फिल्टर प्रेसचा केक (गाळ पिळून निघणारी वडी) पण कोरडा निघत होता, म्हणून मी खूश होतो. पण आरओच्या मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्याच्यावर कॅटायनिक पॉली चिकटून बसतं, आणि वर आपण जो अँटिस्केलंट (क्षारांचे खवले जमू न देणारं केमिकल) सोडतो तो पण ऋण भाराचा, तो आणि हे पॉली एकत्र आले की चिकट गोळे होतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण विचारलंही मी नव्हतं. म्हणजे कंपनी ‘फीड खराब’ म्हणत होती ते बरोबर होतं, फक्त अकरा दिवस आधी येऊन बघितलं असतं तर इतकं चिघळलं नसतं.

त्या मुलाने दोन दिवस थांबून आधी कॉस्टिकने आणि नंतर सायट्रिक अॅसिडने धुलाई केली. क्रम असाच ठेवायचा म्हणाला, आधी अॅसिड टाकलं तर असला चिकटा आणखी घट्ट होतो. सहातली चार मेम्ब्रेन परत आली, पुढची दोन गेली ती गेलीच. 33,000 आमच्या खिशातून. आता उत्पादन 480 आहे आणि तीन महिने तिथेच टिकून आहे. पॉली पुन्हा अॅनायनिक, आणि तेही जार टेस्ट करून (भांड्यात थोड्या पाण्यावर डोस तपासून) लागेल तेवढंच, कारण जास्तीचं कुठलंही पॉली पुढे जाऊन मेम्ब्रेनवरच बसतं.

तरीसुद्धा गेजचा मुद्दा मी सोडत नाही. पॉली चुकीचं होतं मान्य, पण ते आधी कार्ट्रिजमध्येच अडकायला लागलं होतं, दोन गेज असते तर पंधरा दिवसांत फरक वाढताना दिसला असता आणि गोष्ट तिथेच थांबली असती. दुसरं गेज मी स्वतः बसवलं, डमी प्लग काढून, अर्ध्या तासाचं काम. शेजारी वही टांगली आहे, दर चार तासांनी दोन्ही आकडे आणि फरक लिहायचा. आज सकाळी 2.4 आणि 2.0. माझा मावसभाऊ औष्णिक वीजकेंद्रात आहे, त्याला हे सांगितलं तर तो दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला आमच्याकडे फिल्टरच्या दोन्ही बाजूंचं प्रेशर कंट्रोल रूममध्ये दिसतं, नाहीतर प्लांट चालवायचा कसा.

त्याच्याकडचे आकडे ऐकून मी चक्रावलो होतो. डिसेंबर 2015 च्या नियमाने कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या वीजकेंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली, म्हणजे 500 मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला तर तासाला 1,750 घनमीटर. आमचं अख्ख्या दिवसाचं पाणी तिथे 25 सेकंदांत संपेल. म्हणूनच 2016 च्या वीजदर धोरणात 50 किलोमीटरच्या आतल्या शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी औष्णिक केंद्रांनी वापरायचं असं आलं, नागपूरचं सांडपाणी कोराडीला जातं ते आपल्या लोकांना माहीत असेलच. वीजकेंद्रांत कूलिंग टॉवरचा ब्लोडाऊन (क्षार वाढल्यावर बाहेर सोडायचं पाणी) पण राख वाहून न्यायला वापरतात. आपण छोटे लोक, पण पाणी त्याच जमिनीतलं.

आता चांगलं सांगतो, कारण ते पण खरं आहे. आम्हाला कल्पनाच नव्हती तो फायदा प्लेटिंगला झाला. निकेलच्या शेवटच्या रिन्सला आधी बोअरचं पाणी होतं, जड पाणी, जॉब सुकला की पांढरे डाग, दोन बायका दिवसभर फडक्याने पुसत बसायच्या आणि तरी गिऱ्हाईक माल परत पाठवायचं. आरओचं पाणी लावलं आणि डाग बंद. पूर्ण बंद. त्या दोघी आता पॅकिंगला आहेत. हे एवढं एक पकडलं तरी मला प्लांट घेतल्याचं समाधान आहे.

ज्यांना अजून घ्यायचाय त्यांनी आधी रिन्स सुधारा. आमच्याकडे प्रत्येक टाकीला नळ सतत चालू असायचा, रोज 30 हजार लिटर. तीन टाक्या ओळीत लावल्या, ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि ते ओसंडून उलट दिशेने पहिलीकडे, बॅरल (माल भरलेला पिंप) बाथवर थोडा वेळ निथळू दिला, आणि पाणी 12 हजारांवर आलं. याला पाइप आणि गवंडी एवढाच खर्च. हे न करता आलो असतो तर अडीचपट मोठा आरओ घ्यावा लागला असता.

क्रोमचं पाणी वेगळंच ठेवा. पीएच अडीचला आणून मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळं पाणी हिरवट झालं की मग चुना. सहा संयुजेच्या क्रोमची मर्यादा लिटरला 0.1 मिलीग्रॅम आहे, तिथे अंदाजपंचे चालत नाही. शिवाय क्रोम साडेआठच्या आसपास छान बसतो आणि निकेलला दहाच्या वर पीएच लागतो, दोन्ही एका टाकीत घातले की एक बसतो आणि दुसरा पाण्यात राहतो. पहिल्या वर्षी आम्ही तसंच करत होतो आणि निकेल मर्यादेच्या वर का येतो म्हणून लॅब बदलत होतो.

स्लजचं, म्हणजे ईटीपीच्या गाळाचं, सांगायचं तर 90 दिवसांच्या आत उचलायला लावा आणि गोण्या जमिनीवर ठेवू नका. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्याकडे फक्त घोट्याएवढं आलं, पण ती रात्र मी शेडमध्ये गोण्या वर उचलण्यात काढली. त्या गाळात निकेल आणि क्रोम आहे, तो नदीत गेला असता तर मला झोप लागली नसती. आता तीन फुटांचा ओटा बांधलाय.

राहिली एक गोष्ट जी अजून सुटलेली नाही, रिजेक्ट, म्हणजे आरओत मागे उरणारं खारं पाणी. मेम्ब्रेनला त्रास नको म्हणून रिकव्हरी (आत गेलेल्या पाण्यातलं किती शुद्ध होऊन मिळतं ते) 70 वरून 65 टक्क्यांवर आणली, तर रोज चार हजार लिटरच्या वर खारं पाणी उरतं, टीडीएस साडेसहा हजारांच्या पुढे. मध्ये एक प्रयोग केला, ते पाणी चुना कालवायला वापरलं, महिनाभर बरं वाटलं, मग फीडचाच टीडीएस 2,400 वरून 3,100 झाला, कारण तेच मीठ फिरून परत आत येत होतं. बंद केलं. सध्या टँकर बोलावतो, आणि महिन्याच्या खर्चात सगळ्यात जास्त टोचणारा आकडा टँकरचाच आहे, लाइट बिल आणि केमिकल त्याच्या खाली.

दिवसाला चार हजार लिटरचा छोटा इव्हॅपोरेटर (पाणी आटवायचं यंत्र) कुणी खरंच चालवत असेल तर कृपया सांगा, लाइट बिलासकट आणि खवले काढायला किती दिवसांनी थांबवावा लागतो त्याच्यासकट. आणि त्याच्या फिल्टरला गेज दोन आहेत का तेही.