दोन डझन कालवं मागवली, सोबत समुद्र साफ केल्याचं पुण्य फुकट

आधीच सांगून टाकतो, कालवं (म्हणजे ऑयस्टर) झकास होती. तक्रार बाकीच्या गोष्टींची आहे.

आम्ही दादरवाले, आमच्याकडे कालवं म्हणजे मावशीच्या पाटीतली, सोललेली, वाट्यावर घ्यायची, आणि एक वाटा घेतला की "अजून चार टाक गं" म्हणून भांडायचं. शिंपल्यासकट आख्खं कालव घरी यायची ही पहिलीच वेळ. घरपोच मासे देणारी एक सर्व्हिस आहे, नाव नाही घेत कारण पुढे शिव्यापण आहेत, त्यांनी "सिंधुदुर्गच्या खाडीतली शेतीची कालवं" असं टाकलेलं, दोन डझन 1,150 रुपये, वर डिलिव्हरी वेगळी. महाग आहेत राव. पण रविवार होता आणि बाबांना हौस आली.

बॉक्स आला तो गळतच. लिफ्टमध्ये पाणी, जिन्यात पाणी, शेजारच्या काकू (शुद्ध शाकाहारी) दार उघडून बघतायत. फोन केला तर पलीकडचा म्हणतो सर ते पाणी नाही, नॅचरल ज्यूस आहे. बरं.

पण आत बघितलं तर बावीस घट्ट मिटलेली, दोन थोडी उघडी होती ती टकटक केल्यावर मिटली, म्हणजे चोवीसच्या चोवीस जिवंत. साइझ तळहाताएवढा. आई म्हणाली एवढी मोठी तर मी माहेरीपण बघितली नाहीत, खडकावरची कालवं ती केवढीशी असतात, कोळणी ओहोटीला जाऊन टोचून टोचून काढतात. ही शेतीची कालवं बांबूच्या मांडवाला जुन्या शिंपल्यांच्या माळा बांधून वाढवतात, पाण्यातली बारकी पिल्लं आपोआप येऊन चिकटतात, मग सात-आठ महिने थांबायचं. खाणं घालायचं नाही, औषध नाही. अर्धी आम्ही वाफेवर उघडली, अर्धी सोलून आलं-लसूण-मिरचीचं वाटण, ओलं खोबरं, तीन आमसुलं टाकून सुकं केलं. वाळूचा कण नाही! कच्ची खायचं धाडस केलं नाही, आणि तुम्हीपण करू नका.

आता ते पत्रक. बॉक्समध्ये एक गुळगुळीत कागद होता, त्यावर लिहिलंय की एक कालव रोज 190 लिटर पाणी साफ करतं, सरकारी अनुदानातून ही शेती होते, म्हणजे तुम्ही खाल तेवढा समुद्र स्वच्छ. बाबांनी लगेच कॅल्क्युलेटर काढला. मुंबईत सात मलप्रक्रिया केंद्रं बांधतायत, 2023 च्या जानेवारीत पंतप्रधानांनी भूमिपूजन केलं ती, मिळून रोज 2,460 दशलक्ष लिटरच्या आसपास, खर्च 17,200 कोटी. भागिले 190. आलं 1 कोटी 30 लाख कालवं. "मग एवढे पैसे कशाला, माहीमला कालवंच सोडा की!"

हसलो, पण डोक्यात बसलं म्हणून जरा वाचलं. तो 190 लिटरचा आकडा अमेरिकेतल्या मोठ्या कालवाचा आहे, तोही पाणी उबदार आणि सगळं मनासारखं असेल तेव्हाचा, एरवी बरंच कमी. आणि कालव पाणी गाळतं म्हणजे काय, तर त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातं. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ते शेवाळ माजतं, कालव ते खातं, थोडा नायट्रोजन मांसात आणि शिंपल्यात जातो, कालव काढलं की तेवढा पाण्याबाहेर गेला. ही गोष्ट खरी आहे, अमेरिकेत चेसापीक उपसागरात 2016 पासून काढलेल्या कालवांमधला नायट्रोजन प्रदूषण कमी केल्याच्या हिशेबात धरता येतो. पण मैल्यातले जंतू, विषाणू, जड धातू? ते कालव गायब करत नाही, स्वतःच्या पोटात साठवतं. शिजवल्यावर जंतू मरतील, धातू कुठे जाणार. म्हणजे मिठी नदीच्या तोंडाशी लावलेलं कालव खायचं नसतं आणि जे खायचंय ते तिथे लावायचं नसतं. न्यूयॉर्कवाल्यांना हे कळलंय, त्यांच्या बंदरात 2035 पर्यंत 100 कोटी कालवं सोडायचा प्रकल्प चालू आहे, पण ती ताटात नाही येत, तिथेच राहतात.

आपल्याकडे अनुदान आहे ते चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. राज्याच्या कांदळवन (खाडीकाठची खारफुटी) योजनेत गटाला 90 टक्के आणि एकट्याला 75 टक्के मिळतं, केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. पण ते मिळतं रोजगारासाठी, आणि खाडीतलं कांदळवन लोकांनी तोडू नये, राखावं यासाठी. बचत गटातल्या बायका कंबरभर पाण्यात उभं राहून माळा बांधतात ते काम आहे, त्याला पैसा द्या, मी टॅक्स भरतो माझी हरकत नाही. फक्त त्याचं बिल "समुद्र साफ केला" म्हणून माझ्या नावावर फाडू नका. पाण्यासाठी पैसा द्यायचा तर किती किलो नायट्रोजन निघाला ते मोजून द्या ना, आणि दादरच्या माणसाला सिंधुदुर्गच्या खाडीचं पुण्य विकून इथलं गटार थोडीच थांबणार आहे.

त्या गुळगुळीत कागदाऐवजी पाकिटावर तीन ओळी छापा. कुठली खाडी, कधी काढलं, आणि पाण्याची आणि मांसाची टेस्ट कधी केली. युरोपात हे वर्ग ठरलेले आहेत, 100 ग्रॅम मांसात ई-कोलाय (मैल्यातला जंतू) 230 च्या आत असेल तर थेट विका, नाहीतर आधी स्वच्छ पाण्यात ठेवून पोट साफ करून घ्या. हे मी फोनवर विचारलं, ही कालवं स्वच्छ पाण्यात ठेवली होती का आणि किती तास? तो म्हणाला सर आमचं सगळं फ्रेश असतं. हे उत्तर नाही मित्रा.

आणि शिंपले परत घेत नाहीत! न्यूयॉर्कमध्ये हॉटेलांतून गोळा करून त्यावरच नवी पिल्लं वाढवतात, इथे तर शेतीच जुन्या शिंपल्यांच्या माळांवर चालते, मग रिकामा बॉक्स न्यायला येता तेव्हा शिंपले न्यायला काय होतं? कचरेवाला दादा घेईना, ओल्यात टाकू का सुक्यात त्यालाच माहीत नाही. शेवटी आईने धुऊन कुंड्यांत घातले, चार तुळशीला, बाकी कढीपत्त्याला.

चव पाचपैकी पाच, पॅकिंग एक, पत्रक शून्य. सगळं मिळून साडेतीन स्टार, पुढच्या महिन्यात परत मागवणार आहे, फक्त या वेळी खाली बादली घेऊन उभा राहीन.