बोटीने जाणाऱ्या गणपतींची खोकी: पेणमधल्या एका सुतारशेडबद्दल

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. शाडूची एक ते अडीच फुटी मूर्ती बोटीने परदेशी पाठवायची असेल, तर या मिस्त्रींच्या खोक्याच्या तोडीचं खोकं मी तरी पेण तालुक्यात पाहिलेलं नाही. मूर्ती त्याहून मोठी असेल किंवा माल चार दिवसांत हवा असेल, तर मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नका.

शेडला पाटी नाही. हमरापूरकडून पेणला येताना हायवे सोडून आत वळलं की करवतीचा आवाज ऐकू येतो, तीच खूण. एप्रिल-मेमध्ये निम्मी जागा आंब्याच्या पेट्यांनी अडलेली असते आणि उरलेल्या निम्म्यात आमच्यासारख्यांची खोकी होतात. आमचा गणपतीचा कारखाना आजेसासऱ्यांपासूनचा. साचे, रंग, डोळ्यांची आखणी हे घरातले लोक आणि कारागीर बघतात. ऑर्डर, कागदपत्रं, शिपिंग एजंटशी रोजची भांडणं आणि पॅकिंग माझ्याकडे आहे. त्यामुळे हा अभिप्राय पैसे मोजणाऱ्या बाईचा आहे, तसाच वाचा.

मूर्ती टेम्पोने दादर-लालबागला जायची तेव्हा पॅकिंग म्हणजे भाताचा पेंढा. खाली पेंढा, मध्ये पेंढा, वर ताडपत्री, की निघाला टेम्पो. अजूनही मुंबईच्या मालाला तेच चालतं आणि त्यात काही वाईट नाही. परदेशी मात्र पेंढ्याची काडीसुद्धा चालत नाही. अमेरिकेत भाताच्या पेंढ्याला मज्जाव आहे, ऑस्ट्रेलियावाले तर पेंढा दिसला की खोकंच अडवून ठेवतात. पेंढ्यातून कीड आणि बी-बियाणं जातं, हे त्यांचं कारण. मिस्त्रींच्या शेडमध्ये निर्यातीची खोकी जिथे भरतात, तिथे रोज दोनदा झाडू फिरतो. आमचा पोऱ्या एकदा टेम्पोतली काडी चपलेला चिकटवून आत आला, तर त्याला बाहेर जाऊन पाय झटकायला लावलं होतं.

आता खऱ्या कामाकडे येते. शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळलेली माती असते ती. तिला लवचिकपणा अजिबात नाही. सोंड, कान, वरचे दोन हात आणि हातातली आयुधं ही तिची नाजूक ठिकाणं. बहुतेक पॅकिंगवाले नेमकं तिथेच जास्त फोम कोंबतात, कारण जिथे मोडेल तिथे गादी घाला असं त्यांना वाटतं. बोट डावी-उजवीकडे कलते, पुढे-मागे हिंदकळते, आणि हे काही आठवडे चालू राहतं. न्हावा शेवा बंदरातून न्यूयॉर्कला जायला पूर्वीच काही आठवडे लागायचे. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून पुष्कळ जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली आणि मुक्काम आणखी वाढला. एवढा काळ प्रत्येक हेलकाव्याला तो कोंबलेला फोम हाताला ढोसत राहतो. शेवटी हात खांद्यातून सुटतो, आणि खोक्याला बाहेरून ओरखडासुद्धा नसतो.

मिस्त्री उलटं करतात. मूर्ती पकडायची ती पाटाला. प्लायच्या तळावर पाटाच्या मापाच्या चार रिपा स्क्रूने बसवतात, आतून फोमची पट्टी लावतात, आणि मूर्ती त्यात वरून उतरवतात. पाट इतका घट्ट बसतो की खोकं तिरकं केलं तरी जागचा हलत नाही. मग पाठीमागून कमरेला एक आणि खांद्याच्या खाली एक असे दोन आडवे टेकू येतात. जाड फोम त्या मूर्तीच्या पाठीच्या गोलाईनुसार कापलेला असतो. हे कापताना मिस्त्री आधी वर्तमानपत्राचा नमुना पाठीला लावून बघतात, शिंपी ब्लाउजची पाठ बेततो तसे. पुढून एकच रुंद कापडी पट्टा पोटावरून जातो, तोही बेताचा ताणलेला. सोंडेभोवती, हातांभोवती, कानांभोवती मोकळी हवा. बघणाऱ्याला भीती वाटते. सासऱ्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "अहो, हे तर रिकामंच आहे!" मिस्त्री म्हणाले, "अण्णा, जिथे रिकामं आहे तिथे लागणार काय?"

रंगाचंही तेच. नव्या रंगावर बबल रॅप थेट गुंडाळला की उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये फुगे रंगावर उमटतात. आधीच्या एका पॅकिंगवाल्याने असं केलं होतं आणि न्यू जर्सीच्या मंडळाने आम्हाला पितांबरावरच्या गोल गोल ठशांचे फोटो पाठवले होते. इथे आधी बटर पेपर, चेहऱ्यावर मलमलीचा सैल तुकडा, आणि हिरेकाम असलेल्या मुकुटावर कागदाची टोपी. थर्माकोलचे गोळे तर शेडमध्ये आणूच देत नाहीत, ते रंगाला चिकटून बसतात. चेहरा झाकण्याआधी शेडमधला जो कोणी असेल तो हात जोडतो. प्राणप्रतिष्ठा झालेली नसते हे त्यांनाही माहीत आहे.

सगळ्यात जास्त विश्वास मात्र दुसऱ्याच गोष्टीमुळे बसला. मूर्ती आत घेण्याआधी मिस्त्री ती आडवी करून पाटाच्या खालच्या बाजूला पालथा हात लावतात. एका दोन फुटी मूर्तीला हात लावला आणि म्हणाले, "वहिनी, थंड लागतंय. आत ओल आहे. आठवडाभर पंख्याखाली ठेवा, मग आणा." वरून रंग कोरडा ठणठणीत होता. पण बुडाची माती जाड, कोकणातली दमट हवा, ती आतून वाळायला वेळ लागतोच. ती मूर्ती तशीच प्लास्टिकमध्ये गेली असती तर ओल आतल्या आत कोंडून रंगाला पापुद्रे सुटले असते. खोकं विकून मोकळं व्हायचं सोडून ऑर्डर परत पाठवणारा माणूस या धंद्यात मला दुसरा भेटलेला नाही.

ओलीचा त्रास पुढेही असतोच. कंटेनर इथे दमट हवेत बंद होतो. पुढे बोट थंड समुद्रात गेली की कंटेनरचा पत्रा गार पडतो आणि आतल्या हवेतलं पाणी छताला धरून थेंब थेंब खाली पडतं. म्हणून खोक्याच्या झाकणाखाली प्लास्टिक असं लावतात की थेंब बाजूला ओघळेल, आणि आत सिलिका जेलच्या पिशव्या पाटाच्या चार कोपऱ्यांना. आम्ही पूर्ण कंटेनर भरतो तेव्हा कंटेनरच्या भिंतीला कॅल्शियम क्लोराइडच्या लांब पिशव्याही टांगतो. त्या स्वस्तातल्या घेऊ नका. ओढलेलं पाणी जेलीसारखं धरून ठेवणाऱ्या घ्या, नाहीतर तेच खारट पाणी खोक्यावर गळतं.

लाकडाबद्दल. परदेशी जाणाऱ्या खोक्याचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं असावं लागतं, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का लागतो. तापवलेल्यावर 'एचटी' असतं, भारताचं 'आयएन' असतं आणि प्रक्रिया करणाऱ्याचा नंबर असतो. हा शिक्का सरकारी नोंदणी असलेल्या युनिटनेच मारायचा असतो. मिस्त्रींची स्वतःची भट्टी नाही, ते पनवेलच्या बाजूहून शिक्क्याच्या रिपा आणतात आणि बाजूंना प्लाय वापरतात, कारण प्लायला हा नियम लागत नाही. एक गोष्ट मला आवडली. आंब्याच्या पेट्यांचं लाकूड आणि निर्यातीच्या रिपा वेगवेगळ्या भिंतींना. खोक्याची एक रीप फुटली तर शिक्क्याचीच दुसरी घालतात, हाताला लागेल ती फळी ठोकत नाहीत.

झाकणाला खिळे नाहीत, सगळे स्क्रू. कस्टमवाल्यांनी उघडायचं ठरवलं तर पहार लावावी लागत नाही. पुढची फळी निघते, तिच्यावर मोठा बाण असतो, आणि आतल्या बाजूला मूर्ती कशी बसवली आहे त्याचं पेन्सिलने काढलेलं चित्र असतं. उघडणाऱ्याला पुन्हा तसंच बंद करता यावं म्हणून. छत्री, पेला, वर जाणारे बाण ही चिन्हं चारही बाजूंना छापतात. खाली फोर्कलिफ्टसाठी दोन जाड रिपा असतात. वजन खोक्यावर लिहिलेलं असतं, ते कंटेनरच्या वजनाच्या कागदाला कामी येतं, कारण 1 जुलै 2016 पासून वजन जाहीर केल्याशिवाय भरलेला कंटेनर बोटीवर चढत नाही.

सुट्या मालाला, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जाणाऱ्या मालाला, खोक्याचं माप फार महत्त्वाचं. भाडं घनमीटरवर लागतं. 60 बाय 50 बाय 90 सेंटिमीटरचं खोकं म्हणजे 0.27 घनमीटर. तेच प्रत्येक बाजूने पाच सेंटिमीटर सैल केलं की 70 बाय 60 बाय 100, म्हणजे 0.42. मूर्ती तीच, भाडं दीडपटीच्या वर. मिस्त्री मूर्तीच्या मापाचं खोकं बनवतात, तयार मापात मूर्ती कोंबत नाहीत किंवा पोकळीत हरवू देत नाहीत. मात्र सुट्या मालाच्या खोक्यावर दुसऱ्याचा माल चढणार असतो, म्हणून कोपऱ्यांना उभे खांब घालायला त्यांना आठवणीने सांगा. न सांगता ते घालतीलच असं नाही.

आता तक्रारी. मिस्त्री कोटेशन लिहून देत नाहीत. तोंडी भाव, आणि प्लायचा दर वाढला की तोंडी वाढ. बिल मागितलं की मिळतं, पण मागे लागावं लागतं. फोन दुपारी बंद. होळीनंतर आंब्याच्या पेट्यांचा मोसम सुरू झाला की गणपती मागे पडतात. 2025 ची चतुर्थी 27 ऑगस्टला होती, म्हणजे अमेरिकेचा माल एप्रिलमध्ये बाहेर पडायला हवा होता. आमची खोकी मेमध्ये हातात आली आणि एजंटने दुसरी बोट शोधून दिली म्हणून निभावलं. तेव्हापासून मापं मी जानेवारीतच देते.

फोटोही काढायला लावावे लागतात. पाट बसवलेला, टेकू लावलेले, झाकण बंद केलेलं, असे फोटो तारखेसकट ठेवाच. माल विम्याने झाकलेला असला तरी अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेलं नुकसान मालाच्या विम्यात बसत नाही. मोडतोड झाली तर खोकं नीट होतं हे दाखवायला तेच कामी येतात. मिस्त्रींच्या मुलाकडे फोन आहे, पण तो कंटाळा करतो. मी आता स्वतः जाऊन काढते.

खर्च साध्या पुठ्ठ्याच्या पेटीच्या कितीतरी पट. आमच्याकडे दीड फुटी मूर्तीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास खोक्याला जातो. गिऱ्हाईक आधी कुरकुरतं. आम्ही ते बिलात वेगळं दाखवतो.

मोठ्या मूर्तींचं म्हणाल तर मिस्त्रींनी आमच्या एका चार फुटी मूर्तीचं खोकं केलं होतं. पाट उत्तम बसला, पण ते जड खोकं उचलायची सोय शेडमध्ये नव्हती. सहा माणसांनी हातावर टेम्पोत चढवलं आणि खारपाड्याच्या पुलापर्यंत मी मागच्या गाडीत बसून देवाचं नाव घेत होते. मूर्ती शाबूत पोचली. तरी तसल्या कामाला आता क्रेन आणि स्वतःचा ट्रेलर असलेल्या पनवेलच्या पॅकिंगवाल्याकडे जाते, पाटाच्या रिपा तेवढ्या मिस्त्रींकडून बसवून घेते.