शेगडीवरचा पंखा नेमका कशाने फिरतो: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

तार नाही, सेल नाहीत, किल्ली नाही, आणि तरीही तापलेल्या लोखंडावर ठेवला की थोड्याच वेळात आपला आपण फिरू लागणारा शेगडीवरचा पंखा मी गेल्या हिवाळ्यात मागवला. आता पावसाळा संपत आला आहे आणि तो अजून व्यवस्थित चालतो. वस्तू म्हणून ती चांगली आहे, असे मी निःशंकपणे सांगेन. तिच्यासोबत आलेले माहितीपत्रक आणि ती कशी चालते याविषयी चारचौघांत सांगितली जाणारी स्पष्टीकरणे मात्र इतकी निराधार आहेत, की या अभिप्रायाचा मोठा भाग मला त्यांच्यासाठीच द्यावा लागणार आहे. हा केवळ अभ्यासकी हट्ट नाही. पंखा कशाने फिरतो हे ज्याला चुकीचे समजले आहे, तो त्याला चुकीच्या जागी ठेवतो, चुकीच्या पद्धतीने जपतो आणि शेवटी बिघडवतो.

आधी उपयोगाचे बोलू. हा पंखा थंड देशांतल्या लाकडाच्या शेगडीसाठी बनवलेला आहे. तिथे घर उबदार ठेवण्यासाठी ओतीव लोखंडाची शेगडी पेटवतात, तापलेली हवा सरळ छताकडे जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस कुडकुडत राहतो. पंखा ती हवा आडवी ढकलतो, एवढेच त्याचे काम. मुंबईत घर तापवण्याची गरज कोणालाच नाही. त्यामुळे ‘विजेशिवाय गार वारा’ अशी जाहिरात वाचून जर कोणी तो मे महिन्यासाठी घेणार असेल, तर त्याने घेऊ नये. तो गरम वस्तूवर बसतो आणि त्या वस्तूभोवतीची गरम हवा आपल्या अंगावर आणतो. कोणताही पंखा हवा थंड करत नाही. वाऱ्याने घाम वाळतो म्हणून आपल्याला बरे वाटते, आणि या पंख्याचा वारा तेवढाही जोरकस नसतो.

मी तो घेतला शिकवण्यासाठी. परळच्या आमच्या घरी संध्याकाळी दहावी-बारावीची मुले भौतिकशास्त्र शिकायला येतात, आणि उष्णतेपासून वीज कशी मिळते हे फळ्यावर सांगण्यापेक्षा डोळ्यांसमोर दाखवणे मला नेहमीच महत्त्वाचे वाटत आले आहे. पोळ्या झाल्या की गॅस बंद करून जाड बिडाच्या तव्यावर मी पंखा ठेवते. तवा निवेपर्यंत तो फिरत राहतो, आधी जोरात आणि मग हळूहळू मंदावत. जास्त वेळ चालवायचा असेल तेव्हा कॉइलच्या विजेच्या शेगडीवर लोखंडी पत्रा ठेवून, आच मंद ठेवून चालवते. पेटत्या ज्योतीवर तो कधीही ठेवू नये. शेजारचा बर्नर चालू असतानाही तो ओट्यावर चालवू नये, कारण त्याच्या वाऱ्याने बारीक केलेली ज्योत विझू शकते आणि गॅस तसाच सुटत राहतो. माहितीपत्रकात ही सूचना कुठेही नाही. चुंबकीय शक्तीचे वर्णन करायला मात्र त्यात पुष्कळ जागा आहे.

आता स्पष्टीकरणांकडे वळते. सर्वांत जास्त ऐकू येणारे, आणि सुशिक्षित माणसेही सहज मान्य करतात ते स्पष्टीकरण असे, की गरम हवा वर जाते आणि तिच्या झोताने पाती फिरतात. यातला पहिला भाग खरा आहे. ज्योतीवर धरलेली कागदाची नागमोडी पट्टी गरम हवेने फिरते, हे आपण शाळेत केलेले असते. पण या पंख्याची पाती उभी आहेत, आस आडवा आहे आणि वारा समोरच्या दिशेने जातो. शंका असेल त्याने पाती फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या टोकाची एक तार सोडवून पाहावी. तवा तितकाच गरम असतो, हवा तितकीच वर जात असते, आणि पाती मात्र जागची हलत नाहीत. उलट पाती काढून ठेवली आणि तार जोडली, तर मोटरचा दांडा एकटाच फिरत राहतो. यापुढे या विषयावर वाद घालण्यासारखे काही उरत नाही. तरीही हा समज निरुपद्रवी नाही, कारण तो मनात असलेला माणूस ‘जास्त झोत मिळावा’ म्हणून पंखा थेट आगीवर धरतो आणि आतला सर्वांत नाजूक भाग जाळून टाकतो.

दुसरे स्पष्टीकरण म्हणजे आत सेल लपवलेला आहे. आमच्या मजल्यावरच्या एका काकांचे हे ठाम मत होते, आणि फसवणुकीच्या इतक्या जाहिराती रोज दिसत असताना त्यांनी संशय घ्यावा यात मला काहीही गैर वाटत नाही. त्यांच्यासाठी आम्ही एक प्रयोग केला, आणि तो मला या पंख्याच्या सगळ्या प्रयोगांत सर्वांत सुंदर वाटतो. पंख्याचा तळ बर्फाने भरलेल्या धातूच्या ताटात टेकवला आणि वरच्या पंखांवर, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांवर नव्हे तर उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या स्थिर पट्ट्यांवर, केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सोडली. मग ते यंत्र बाजूला केल्यावर दिसले, की पाती फिरत आहेत, पण उलट दिशेने. लपवलेल्या सेलला बर्फ कुठे आहे आणि गरम हवा कुठे आहे याची जाणीव असण्याचे कारण नाही. जिथे उष्णता वरून खाली वाहू लागली तिथे विजेची दिशा पालटली, आणि विजेची दिशा पालटली म्हणून मोटर उलटी फिरली.

माहितीपत्रकातले स्पष्टीकरण याहून विचित्र आहे. त्यात लिहिले आहे, की काळा रंग खोलीतली उष्णता शोषून घेतो, तिचे चुंबकीय ऊर्जेत रूपांतर होते आणि पंखा ‘कायमचा’ फिरत राहतो. रंगाची परीक्षा सोपी आहे. मे महिन्याच्या दुपारी मी तो गच्चीवर, उन्हात, लाकडी स्टुलावर ठेवला. हात लावता येऊ नये इतका तो तापला, पण पाती फिरली नाहीत, कारण तळ आणि माथा दोन्ही सारखेच तापले होते. काळ्या रंगाचा खरा उपयोग नेमका उलटा आहे. काळा पृष्ठभाग उष्णता चांगली बाहेर टाकतो, म्हणून वरचे पंख थंड राहायला त्याची मदत होते. चुंबक आत आहे, पण तो मोटरमध्ये आहे, जसा तो खेळण्यातल्या कोणत्याही छोट्या मोटरमध्ये असतो. ‘कायमचा’ या शब्दाला काहीच आधार नाही. तवा निवला की पंखा थांबतो, हे पहिल्याच दिवशी दिसते.

आत पारा आहे, पोकळ तळात पाण्याची वाफ कोंडलेली आहे, अशीही उत्तरे मुलांकडून आली. मोटरचे आवरण आणि तळाचे स्क्रू सोडवून दाखवले, की त्यांचा निकाल लागतो. वाफेचे उत्तर देणाऱ्या मुलीचे मला मात्र कौतुक वाटले, कारण तिने निदान उष्णतेचे यंत्र शोधण्याचा प्रयत्न केला होता. त्या दिशेच्या विचारातून बनलेले पंखे खरोखर होऊन गेले आहेत. रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ साली गरम हवेच्या इंजिनाचे पेटंट घेतले, आणि वीज घरोघरी पोहोचण्यापूर्वी त्याच तत्त्वावर, रॉकेलच्या दिव्यावर चालणारे पंखे हिंदुस्थानातही विकले जात. आजही शेगडीवरच्या पंख्यांचा एक महाग प्रकार स्टर्लिंग इंजिनावर चालतो. माझा पंखा त्या जातीचा नाही.

माझ्या पंख्याचे स्क्रू सोडवले, की जाड ॲल्युमिनियमचा तळ आणि वरचे पंख यांच्यामध्ये दाबून बसवलेली चौकोनी, चपटी, पांढऱ्या सिरॅमिकची चकती दिसते. तिला थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल म्हणतात, आणि सगळे काम तीच करते. दोन सिरॅमिक पट्ट्यांमध्ये बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाचे बारीक खांब उभे असतात. ४० मिलिमीटरच्या नेहमीच्या चकतीत अशा खांबांच्या १२७ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतला एक खांब एन प्रकारचा, दुसरा पी प्रकारचा. खालची बाजू तापली आणि वरची थंड राहिली, की एन खांबातले इलेक्ट्रॉन आणि पी खांबातल्या धनभारित रिक्त जागा, दोन्ही गरम टोकाकडून थंड टोकाकडे सरकतात. भार विरुद्ध असल्यामुळे, खांब एकाआड एक जोडले की त्यांचे विद्युतदाब एकमेकांत मिळवले जातात. एका जोडीमागे दर अंशाला मिळणारा दाब अगदी अल्प, सुमारे ०.४ मिलिव्होल्ट असतो. १२७ जोड्यांचा मिळून तो दर अंशाला सुमारे ५० मिलिव्होल्ट होतो, म्हणजे चकतीच्या दोन बाजूंत ३० अंशांचा फरक पडला तर दीड व्होल्टच्या आसपास. मोटर जोडल्यावर त्यातला बराच भाग चकतीच्या आतल्या रोधात खर्च होतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या साध्या मल्टिमीटरवर मुले हे स्वतः मोजतात, आणि आकडा वर चढताना पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे येते त्यासाठी मी हा पंखा पुन्हा घेईन.

या परिणामाला थॉमस योहान झेबेक यांचे नाव आहे. १८२१ साली त्यांनी दोन वेगळ्या धातूंचे वेटोळे करून एक सांधा तापवला, तेव्हा जवळची होकायंत्राची सुई हलली. ती हलली विद्युतप्रवाहामुळे, पण झेबेक यांनी निष्कर्ष काढला की तापमानातील फरकामुळे धातूत थेट चुंबकत्व निर्माण होते, आणि पृथ्वीचे चुंबकत्वही ध्रुव व विषुववृत्त यांच्या तापमानातील फरकाशी जोडण्याचा त्यांनी प्रयत्न केला. विद्युतप्रवाहाने सुई हलते हे १८२० मध्ये दाखवणारे ओर्स्टेड यांनी ही घटना विजेची आहे हे ओळखले. म्हणजे ‘चुंबकीय ऊर्जा’ हे स्पष्टीकरण एकेकाळी या शोधाच्या जनकानेच मांडले होते, पण त्याच्यापुढे प्रयोगाची सुई होती आणि इतरांना ती तपासता आली. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने मात्र स्वतःच्या पंख्याची एक तारही सोडवून पाहिलेली नाही, याची मला मनापासून चीड येते, कारण तेच वाक्य मुले वहीत लिहून आणतात.

सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा मुलांच्याही उशिरा लक्षात येतो, तो म्हणजे पंखा उष्णतेवर नाही तर तापमानातल्या फरकावर चालतो. उष्णतेपासून काम करून घ्यायचे तर एक गरम आणि एक थंड अशा दोन बाजू लागतात, हे सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडले. चालत्या पंख्यावर मोठे पातेले उपडे घातले, तर आतली हवा तापते, वरचे पंखही तापतात आणि तळ पूर्वीइतकाच गरम असताना पाती मंदावून थांबतात. हा प्रयोग मंद आचेवर आणि थोडाच वेळ करावा. याच कारणाने जानेवारीतल्या रात्री माझा पंखा जितका वेगात फिरत होता तितका मेमध्ये फिरला नाही. पंख्याच्या वाऱ्याने त्याचेच पंख थंड होतात, म्हणून एकदा सुरू झाला की तो वेग घेतो. चकतीतून जाणाऱ्या उष्णतेचा शंभरातला एखाददुसरा भागच वीज होतो आणि उरलेली सगळी पंखांवाटे हवेत जाते, त्यामुळे ‘हा पंखा तव्याची उष्णता खाऊन टाकतो’ ही तक्रारही खरी नाही. इतक्या कमी कार्यक्षमतेचे साधन निरुपयोगी आहे, असेही समजू नये. हलणारे भाग नसलेली अशीच यंत्रणा, प्लुटोनियमच्या उष्णतेवर, १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर अवकाशयानांना वीज पुरवत आली आहे.

हे समजले की देखभाल कशी करायची ते आपोआप कळते. वरचे पंख थंड राहिले पाहिजेत, आणि मुंबईच्या स्वयंपाकघरात त्यांच्यावर फोडणीच्या तेलाचा व धुळीचा चिकट थर फार लवकर बसतो. पंखा पूर्ण थंड झाल्यावर साबणाच्या ओल्या फडक्याने तो पुसला की वेगात स्पष्ट फरक दिसतो. चकतीच्या दोन्ही अंगांना लावलेली उष्णतावाहक पेस्ट उन्हाळ्याअखेर वाळली होती. संगणक दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी पेस्ट पातळ थराने लावून, दोन्ही स्क्रू थोडे-थोडे आळीपाळीने आवळले की चकतीला तडा जात नाही. पावसाळ्यात मोटर कुरकुरू लागली, तेव्हा दांड्याच्या टोकाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरला.

तळाखाली दोन धातूंची एक पट्टी असते, ती काढून टाकू नये. तळ फार तापला की ती वाकते आणि पंख्याची एक बाजू किंचित उचलते, त्यामुळे चकती वाचते. तरीही चकती गेलीच, तर बाजारात सहज मिळणारी, छोट्या शीतपेट्यांमध्ये वापरतात ती थंड करण्याची चकती तिच्या जागी बसवू नये. दिसायला ती अगदी सारखी असते आणि स्वस्तही असते, पण तशा अनेक चकत्यांतले सोल्डरचे सांधे १३८ अंशांच्या सुमारास वितळणाऱ्या बिस्मथ-कथील मिश्रधातूचे असतात, आणि गरम लोखंडावर ते टिकत नाहीत. दुकानदाराकडे वीजनिर्मितीसाठीचीच, जास्त तापमान सोसणारी चकती मागावी, आणि ती कोणत्या तापमानापर्यंत चालते हे लिखित स्वरूपात दाखवायला सांगावे.

शिकवणाऱ्यांनी, घरात जिज्ञासू मूल असणाऱ्यांनी आणि ज्यांचे थंड हवेच्या ठिकाणी लाकडाच्या शेगडीचे घर आहे त्यांनी हा पंखा जरूर घ्यावा. घेताना मोटरच्या दोन तारा बाहेरून दिसतात असा नमुना निवडावा, कारण तार सोडवून पाहण्याची सोय नसेल तर वर सांगितलेले निम्मे प्रयोग करताच येणार नाहीत.