लीन ४, सात महिन्यांनंतर: बारावीच्या ट्यूशनवाल्याचा अनुभव

नागपूरच्या महालात बारावीच्या गणिताच्या ट्यूशन घेतो मी. पहिलाच चॅप्टर मॅथेमॅटिकल लॉजिक, ट्रूथ टेबल (खरं-खोटंचा तक्ता) भरा, स्विचिंग सर्किट काढा, मार्क खिशात. ऑक्टोबरात एका जुन्या पोरानं लॅपटॉपमध्ये लीन ४ नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकट आहे, आपण प्रूफ लिहायचं, ते पायरी न् पायरी तपासतं.

सुरुवात लीन शिकवणाऱ्या नॅचरल नंबर गेमपासून करा, ब्राउझरमध्येच चालतो. तिथं न + ० = न हे फुकटात मिळते पण ० + न = न साठी इंडक्शन (शून्याला दाखवा, मग एका आकड्यावरून पुढच्यावर) लावावं लागते, अन् वीस वर्षं शिकवून राहिलेला माणूस मी, हे दोन वेगळे आहेत हेच कधी डोक्यात आलं नव्हतं बाप्पा! रसेल अन् व्हाइटहेड या गणितज्ञांना 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'च्या १९१० च्या पहिल्या खंडात १ + १ = २ च्या जवळ पोचायला ३७९ वं पान लागलं, लीनमध्ये एक ओळ.

लीनमध्ये प्रत्येक गोष्टीला टाइप म्हणजे प्रकार असतो. मग कळलं की ही भानगड कुठून आली. जर्मन गणितज्ञ फ्रेगेनं १८७९ मध्ये लॉजिकला नवी भाषा दिली, १९०२ मध्ये रसेलनं त्याला पत्र लिहिलं की स्वतःत नसलेल्या सगळ्या सेट्सचा सेट घेतला तर तो स्वतःत आहे का नाही? हो म्हणा का नाही म्हणा, उलटंच निघते. झाला घोळ. म्हणून लीनमध्ये टाइपचा टाइप म्हणजे टाइप १, त्याचा टाइप २, असं वर वर जात राहते, कोणी स्वतःच्या पोटात शिरत नाही.

आता डोकेदुखी. १ भागिले ० चं उत्तर शून्य देते, नॅचरल नंबरात २ − ३ पण शून्यच. हे मुद्दाम ठेवलंय, पण माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. मॅथलिब, म्हणजे लीनमधल्या तयार गणिताची लायब्ररी, जड आहे, माझ्या ४ जीबीच्या डबड्यावर मे मध्ये कूलर लॅपटॉपकडे फिरवून बसावं लागलं, घरचे तापले ते वेगळंच.

सगळ्यात भारी म्हणजे 'प किंवा प नाही'. ट्रूथ टेबलात दोन ओळींत टॉटॉलॉजी (म्हणजे नेहमी खरं), इथं मात्र ते चॉइसच्या ॲक्सिअमवरून (रिकाम्या नसलेल्या गोष्टीतून एक निवडता येते, हे गृहीतक) काढलंय. बॅचला सांगितलं तर एक पोरगा म्हणे, "सर, टेबल असताना एवढं काऊन करायचं?" म्हटलं, दहा व्हेरिएबलचं टेबल भरून आण. १०२४ ओळी. अजून आणलं नाही त्यानं.